आतली काच

बाबाराव: म्हणजे आपल्या भनपुरीच्या कारखान्याईचा धूर तिथपर्यंत जाते? समुद्रावर? तू मले येडं बनवून राहिली.

गंधाली: नाही ना बाबा, सच में. पाऊस संपला की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो. वाटेत जे सापडेल ते उचलून नेतो. धूळ, धूर, सगळं.

विमला: अन् माही पोट्टीही नेते. दिवाळीले घरी नाई. आज सकाळी गाडीतून उतरली, तं तवापासून त्या डब्यालेच चिकटली. चिवडा खा आधी.

गंधाली: खाते आई, ठेव तिथे.

विमला: ठेवला. माशा खाऊन राहिल्या.

बाबाराव: तू थांब वो जराशी. मले समजू दे. हव, मंग? तू गेलती त्या जहाजावरून दिसते का धूर? मी तं टीव्हीत पाहतो, समुद्र निळाशार राहते.

गंधाली: डोळ्यांना नाही दिसत. म्हणून तर हे यंत्र. हे नळकांडं सूर्याकडे धरायचं. वर, हवेच्या बाहेर, सूर्याचा उजेड किती असतो ते आम्हाला माहीत असतं. खाली किती पोचला ते हे मोजतं. मधे जेवढा गायब झाला, तेवढा हवेतल्या कणांनी खाल्ला.

बाबाराव: अन् धुरानं खाल्ला का धुळीनं, हे कसं समजते?

गंधाली: रंगावरून. हे पाच रंगांचा उजेड वेगवेगळा मोजतं. धूळ आणि समुद्राचं मीठ, हे जाडे कण. ते सगळे रंग सारखेच खातात. धुराचे कण बारीक. ते निळा जास्त खातात आणि लाल सोडून देतात.

बाबाराव: हे तं मी एकतीस वर्ष केलं! मशीन नोती, एवढंच. कारखान्याच्या गेटवर सायकल टेकवली की पहिले चिमणीकडे पाहाचो. काळा धूर, म्हणजे कोळसा धड जळून नाई राहिला. तांबूस आला, तं लोखंडाची भुकटी उडून राहिली. पांढरा, तं कोळसा ओला. आत जाच्या आधीच समजे, का आज भट्टीवर कोणाले शिव्या बसणार.

गंधाली: तेच काम आहे बाबा. तुमची चिमणी समोर होती. माझी पाचशे किलोमीटर मागे.

विमला: याईचे पेढे वाटा आता. रिटायर झाल्यावर सायंटिस्ट झाले.

बाबाराव: अन् सापडला धूर?

गंधाली: सापडला ना. विशाखापट्टणमहून निघालो तेव्हा निळा उजेड खूपच कमी येत होता. एकदम चिमणीच्या धुरासारखं. मग धूर रोज थोडा थोडा कमी. किनारा जितका दूर, तितका धूर कमी. असे नऊ दिवस. हा ग्राफ पाहा, कसा सरळ उतरतो.

बाबाराव: पहिल्या दिवशी एवढा? हा आपला?

गंधाली: आपला, ओडिशाचा, आंध्राचा. सगळ्यांचा मिळून.

बाबाराव: मी समुद्र पाह्यला नाई अजून. अन् माह्या भट्टीचा धूर तिथी जाऊन बसला. वाईट वाटते पोरी.

विमला: बाप्पा! तुम्ही एकटेच धूर सोडून राहिलते का?

बाबाराव: एकटा नोतो, पण होतो ना. बरं, काम झालं तुझं. मंग तोंड काहून उतरलं?

गंधाली: वापसीमुळे. नऊ दिवस गेलो, नऊ दिवस परत आलो. किनारा जवळ आला की धूर पुन्हा तेवढाच वाढायला पाहिजे ना? वाढला, पण एवढुसा. पहिल्या दिवसाच्या पावही नाही.

बाबाराव: वारा बदलला असन.

गंधाली: वारा तोच. वरून सॅटेलाइटनं पाहिलं असतं, पण त्याला ढग आडवे आले. आम्ही ढगांच्या फटीतून सूर्य पकडत होतो. परवा माझ्या गाइड मॅडमना आकडे द्यायचे आहेत, थिसिसचा अख्खा चॅप्टर त्यावर आहे. मी विचार करते, जातानाचेच नऊ दिवस देऊन टाकू.

बाबाराव: अन् वापसीचे? खराब होते?

गंधाली: खराब नाहीत. पटत नाहीत.

बाबाराव: पटत नाई म्हणून फेकाचे?

गंधाली: बाबा, प्लीज. गाडीतही पूर्ण वाट हेच डोक्यात होतं.

बाबाराव: मी शिकवून नाई राहिलो. मी फक्त माहं सांगतो. भट्टीत धूसर दिसलं, तं मी पहिले डोळ्याले लावाची माही निळी काच पुसाचो. हर वेळी. काच साफ, अन् तरी धूसर, तं मंग भट्टीकडे पाहाचं. तू काच पुसली होती?

गंधाली: रोज. सकाळ-संध्याकाळ. समुद्राचं पाणी उडतं, मीठ बसतं ना.

बाबाराव: वरची?

गंधाली: हो, वरची. झाकणाची.

बाबाराव: अन् ती आतली? नळीच्या बुडाशी आहे ते?

गंधाली: तिला हात नाही लावायचा. ती फक्त लॅबमध्ये साफ करतात. पण तुम्हाला कसं माहीत, आत दुसरी काच आहे म्हणून?

विमला: काय शोधून राहिले?

बाबाराव: विमल, गमछा दे जरा.

विमला: खांद्यावरच आहे तुमच्या.

बाबाराव: हव. मी काय म्हणतो, आण ते इकडे. आतून पुसून देतो. दोन मिनिटाचं काम आहे.

गंधाली: बाबा. तुम्हाला कसं माहीत?

बाबाराव: दसऱ्याले तू घरी होती ना. सकाळी बजारात गेलती, जहाजात उलट्या होतात म्हणून गोळ्या आणाले. मी पूजा मांडली. माहे पाने-हातोडी, निळी काच, मोटरसायकल. मंग वाटलं, सगळ्याईची झाली, पोरीचंच अवजार तसंच राह्यलं.

गंधाली: बाबा...

बाबाराव: बाहेरून लावलं असतं तं तुले दिसलं असतं, तू चिडली असती. म्हणून झाकण फिरवून काढलं, अन् आतून हळदीचं बोट लावाले गेलो. हळद पातळ झालती. थेंब टपकला खाली, काचेवर. मंग ती कानाची कापूसवाली काडी घेतली अन् पुसली. चकाचक पुसली पोरी, डाग नाई राहू दिला.

विमला: अवं माय! अन् मले नाई सांगतलं?

बाबाराव: तुले सांगतलं असतं तं पूर्ण बूढापारा मोहल्ल्याले समजलं असतं.

गंधाली: हळद! बाबा, हळद पिवळी का दिसते माहीत आहे? ती निळा उजेड खाते. निळा! धुरासारखी! अठरा दिवस, बाबा. पहिले चार दिवस तर उलट्या करत, एका हातानं रेलिंग धरून मी हे सूर्याकडे धरलं. नाकाची चामडी निघाली. आणि मी मोजत काय होते? आईच्या डब्यातली हळद!

बाबाराव: माही चूक आहे. मी बोलतो तुझ्या मॅडमशी. लिहून देतो पाहिजे तं.

गंधाली: काय लिहून द्याल?

विमला: हे पाहा, दोघंही आवाज कमी करा. अन् तू रडू नको. त्याईनं पुसली म्हणते ना. मले तं आत काईच दिसून नाई राहिलं.

गंधाली: मलाही नाही. साफच वाटते. कदाचित काही राहिलंच नसेल.

बाबाराव: तसं नाई दिसत पिवळं. थांबा.

(बाबाराव आतून भट्टीची निळी काच आणतात, डोळ्याला लावून नळीत पाहतात.)

बाबाराव: आहे. निळ्यातून पिवळं काळं दिसते. घे, पाहा.

गंधाली: हव... आहे. काठाला गडद. मधे एकदम फिक्कट.

बाबाराव: विमल, काड्या कुठी ठेवल्या? आत्ता काढून—

गंधाली: नाही! हात नका लावू! ठेवा ते खाली, बाबा. गमछा पण ठेवा.

बाबाराव: अवं, पण खराब आहे ना ते.

गंधाली: म्हणूनच नाही पुसायचं. हा डाग किती उजेड खातो ते लॅबमध्ये मोजता येईल. मग तेवढं प्रत्येक दिवसातून वजा करायचं. पुसला की संपलं, मग मला काहीच कळणार नाही. पण मधे फिक्कट का? तुम्ही सगळीकडे सारखी फासली ना?

बाबाराव: सारखी. काडी गोल गोल फिरवली.

विमला: उन्हानं.

गंधाली: काय उन्हानं?

विमला: उडाली. तुझ्या बापाच्या बंडीवर वरणाचा डाग पडते, तो साबणानं नाई जात. गच्चीवर उन्हात टाकते मी. आपोआप उडते. मधे ऊन गेलं असन, तिथली हळद उडाली. काठाले सावली, तिथली राह्यली. त्यात काय एवढं?

गंधाली: एका दिवसात उडते?

विमला: नाई बाप्पा. रोज थोडी थोडी.

गंधाली: रोज थोडी थोडी. आई! ग्राफ रोज थोडा थोडा उतरत होता. हे दिवसभर डेकवर उन्हातच असायचं. किनाऱ्यापासून दूर गेले म्हणून धूर कमी नाही झाला, हळद उडत होती! म्हणून तर वापसीत तेवढा वाढला नाही. तोपर्यंत मधली हळद गेलीच होती.

बाबाराव: म्हणजे तू जे नऊ दिवस देणार होती—

गंधाली: तेच चुकीचे. आणि फेकणार होते, ते जवळपास बरोबर.

बाबाराव: अन् मी तुले हे सांगतलं नसतं, तं?

गंधाली: तर परवा मी मॅडमना हळदीचा चॅप्टर दिला असता.

विमला: आता तरी चिवडा खाशीन का?

गंधाली: दे इकडे. आई, डब्यातली हळद दसऱ्यालाही हीच होती?

विमला: हेच. वर्षाची एकदम दळून आणते मी.

गंधाली: मग मला थोडी बांधून दे. तशाच काचांवर हीच हळद लावते, उन्हात ठेवते आणि रोज मोजते. अठरा दिवसांत कशी कशी उडते ते कळलं की कोणत्या दिवशी किती वजा करायचं ते कळेल. एकदम बरोबर नाही येणार, पण काहीतरी हाती लागेल. मॅडमना आताच फोन करते.

विमला: काय सांगशीन?

गंधाली: जे झालं ते. वडिलांनी पूजा केली.

विमला: हसतीन तुले.

गंधाली: हसू दे. आधी चिडतील, मग हसतील.

बाबाराव: मंग मले एक सांग. समुद्रावर आपला धूर नोताच का? सगळी हळदच होती?

गंधाली: नाही बाबा. वापसीत किनाऱ्याजवळ जो थोडा वाढला, तो हळदीचा नाही. हळद वाढत नाही ना.

बाबाराव: हव. ते बी खरं आहे. तू हळद पूर्ण काढजो. मंग जे राहीन ते आमचं. ते पूर्ण लिहिजो, माह्याकडे पाहून कमी नको करू.

गंधाली: नाही करणार. आता नीट आठवून सांगा, मला तशीच लावायची आहे. हळद किती घेतली होती? चिमूटभर?

बाबाराव: चिमूटभर नोती.

गंधाली: मोटरसायकलला लावता तेवढी?

बाबाराव: त्याहून जास्त.

गंधाली: किती जास्त, बाबा? मी लिहून घेते.

बाबाराव: दुप्पट लिह. आपल्या घरातलं कोणी पहिल्यांदा समुद्रावर चाललं होतं.