विलासनं वाचवलेले माझे लेख

ब्लॉग कुठल्या साइटवर लिहावा, हे मला विचारू नका, मुरुडच्या माझ्या मित्राला, विलासला विचारा. मी मुखेडला शाळेत शिकवतो अन् आजवर दोन साइटींवर लिहिलं. पहिली फार सोपी होती. इतकी सोपी, की एक दिवस माझ्या सगळ्या लेखांसकट ती बंदच झाली. तसं कळवणारी ईमेल तीनदा आली होती म्हणे. मी जाहिरात समजून पुसत राहिलो. चार वर्षांचं लेखन गेलं. दुसऱ्या साइटवर नव्यानं सुरुवात केली, तर तिथं वेलांट्या अक्षर सोडून पुढं पळायच्या.

शेवटी विलासला फोन लावला.

"तुझी साइट कशी हाय रे?"

"लई भारी! अन् तुझे जुने लेख गेले म्हणून रडू नको. मी सगळे उतरवून माझ्या ब्लॉगवर ठेवलेत."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लगेच त्याचा ब्लॉग उघडला. एकूण एक लेख होता, काना-मात्रेसकट. फक्त प्रत्येकाखाली नाव विलासचं होतं. माझ्या आईवरच्या लेखाखालीसुद्धा.

पुन्हा फोन केला. "अरे, आई माझी हाय ना?"

"हाव, पण ब्लॉग माझा हाय ना! दुसऱ्याचं नाव टाकलं तर वाचक गोंधळून जातेत."

मग मी त्या लेखाखाली कमेंट टाकली, "सर, आईबद्दल फार सुंदर लिहिलंत."

ती त्यानं अजून मंजूर केलेली नाही.