एकही तलवार निघाली नाही

हॅलो?… कोण?… अगं नंदिता, बोल. झोपतेय कसली, भेंडी चिरतेय… टॅरोचे पत्ते? आत्ता?… अगं गेल्या मंगळवारीच काढले ना तुझे… हो, हो, पाठ आहे मला. नवीनला ऑनसाइट मिळेल का. न्यू जर्सी. दर आठवड्याला तेच विचारलं की पत्तेही कंटाळतात गं… नाही, चिडले नाही. आणि ते 'प्रमोदिनी अक्का, प्रमोदिनी अक्का' करत लाडात येऊ नकोस. तुझी तंजावरी मराठी ऐकली की मी विरघळते, हे तुला चांगलं माहितेय… बरं. थांब. हात पुसते.

(अहो, नवीनची नंदिता आहे… मी काय सांगणार? तुमच्या कंपनीतून काढलंय त्याला, तुम्हीच सांगा. त्यानं तुम्हाला शपथ घातली, तुम्ही मला घातलीत, आणि ती बिचारी टी. नगरला लोकरीचे कोट बघत फिरतेय. चेन्नईत. एप्रिलमध्ये.)

हं, आले… कोणी नाही, आमचे महेशराव. दुपारची शिफ्ट आहे, म्हणून सकाळभर लुडबुड… ऐक. मी पत्ते पिसते, तू थांब म्हणशील तिथला काढते. तीन. झालेलं, चाललेलं, येणारं. डोळे मीट… मला दिसणार नाहीच गं, पण तू मीट… थांबू? बरं.

(कप्सची दश्शी. इंद्रधनुष्य, नवरा-बायको, नाचणारी दोन पोरं. हे सांगू तिला?… काय?… कधी?… आज सकाळी? नवीन 'सर, नंदिताकडे बघा' म्हणाला आणि फोन ठेवला? आणि तुम्ही दाढी करत बसलात? मला आत्ता सांगताय?)

हॅलो… आहे, आहे. पत्ता ना?… निघाला. तलवारींची सत्ती.

अगं, घाबरतेस काय लगेच? तलवारी म्हणजे मारामारी नव्हे. आधी समजून घे. कप्स म्हणजे मन, नाणी म्हणजे घरदार, काठ्या म्हणजे उमेद. तलवारी म्हणजे डोकं. डोक्यात घूं घूं फिरत राहतं आणि तोंडातून बाहेर येत नाही ना, ते… हो, कापतं. पण न बोललेलं जास्त कापतं… सत्तीत? सत्तीत एक माणूस आहे. तंबूतून तलवारी कवेत घेऊन चवड्यांवर निघालाय, मागे वळून बघतोय… चोर म्हण हवं तर. मला तो सकाळी ऑफिसला निघालेला वाटतो… सहज म्हटलं गं. म्हणजे जवळचं कोणी काहीतरी लपवतंय. वाईट मनानं नाही. लाजेनं…

काही म्हणालीस?… नाही? बरं. दुसरा. पिसतेय… थांबू?

(सूर्य. घोड्यावर बाळ. आज एकेक पत्ता माझ्या डोक्यावर बसायला निघालाय.)

अठ्ठी. तलवारींची… हो, परत तलवार. मी काय करू? गोड हवं असेल तर पोपटवाल्याकडे जा. त्याचा पोपट बरोबर लक्ष्मी काढतो, त्याला दाणा हवा असतो… अठ्ठीत एक बाई आहे. डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेले, भोवती तलवारींचं कुंपण… ऐक ना पुढे. पाय मोकळे असतात तिचे. ते कोणी बघतच नाही… तू बांधलेली आहेस असं कुठं म्हटलं मी? पट्टी काढ म्हणतेय. एवढंच.

तिसरा… थांबू?… हं. तलवारींची नव्वी… हो, बघितला गं मी पत्ता. अंथरुणात उठून बसलेलं माणूस, तोंड ओंजळीत. भिंतीवर तलवारी… नंदिता, नवीन झोपतो का गं हल्ली?

नंदिता?… हॅलो?… रडतेस?

काय?… परत बोल… माहितेय तुला? कधीपासून?… आयडी कार्ड कपाटातच पडलेलं असतं. बरं… आणि तरी रोज डबा भरत होतीस?… मग मला न्यू जर्सी कशाला विचारत होतीस बाई?… मला माहितेय का, ते बघायला… वा. म्हणजे तो तुझ्यापासून लपवतोय, मी तुझ्यापासून, तू आम्हा सगळ्यांपासून. या मंदीत पूर्ण वेळ काम फक्त पत्त्यांनाच मिळालंय म्हणायचं… नाही गं, हसत नाहीये. हसू येतंय असं वाटलं तुला?

मग आजच का बोलतेस?… डबा? ओट्यावर राहिला? अगं विसरला असेल… हातात दिलास, आणि त्यानं परत ठेवला… काय म्हणाला?… 'आज नको.' एवढंच?

कुठं बसतो तो दिवसभर? माहितेय?… पाठलाग केलास? कशी?… शेअर ऑटोनं. बरं, मग?… पेरुंगुडी स्टेशन. वर, फलाटावर… हो, ओसाडच असतं ते. एवढं मोठं बांधलंय आणि चिटपाखरू नाही… एकच्या ठोक्याला डबा उघडतो? ऑफिसच्या वेळेला… आणि तू खांबाआडून बघून परत आलीस… नाही, नाही. वेडी कशानं? मी तरी काय केलं असतं?

(अहो! बाइक काढा. पेरुंगुडी स्टेशन, वरचा फलाट… शिफ्ट गेली खड्ड्यात. दाढी राहू दे अर्धी, निघा!)

नंदिता, हे निघालेत. तू फोन ठेवू नकोस. बोलत राहा… मोबाइल बंद? त्याचा? कधीपासून लावतेयस?… बरं. आमचे हे जोरात चालवतात, रोज मी त्यावरून भांडते. आज नाही भांडणार…

काय?… नव्वीनंतर?… नव्वीनंतर दश्शी असते. कशाला ते?… पुस्तक आहे तुझ्याकडे? मीट ते. मीट म्हणते ना!… हो, पालथा पडलेला माणूस आहे त्यात. पण मागे उजाडतंय, असं आमच्या टॅरोच्या बाई शिकवायच्या. साडीच्या दुकानाच्या माडीवर, एसीत. तिथं सगळंच उजाडायचं… तो तुझा पत्ता नाही, नंदिता. मी काढलेलाच नाही तो. ऐकतेस ना?… बोल काहीतरी. डब्यात काय होतं ते सांग… दहीभात. आणि?… वडुमांगा. छोट्या कैऱ्यांचं लोणचं ना ते, आईनं पाठवलेलं?… हं… हं…

थांब, माझा मोबाइल. धर हं, ठेवू नकोस… बोला… आहे?… नीट बघा, तोच ना?… बसलाय. अगदी कडेला?… बूट? काढून जोडून ठेवलेत?… असू दे. त्या बुटांना हात लावू नका. तुम्ही खाली बसा त्याच्या शेजारी… काही विचारू नका. काही समजावू नका. खांद्यावर हात ठेवा आणि बसा… हो, धरून.

नंदिता, आहे. आहे म्हणजे आहे गं! श्वास घेतोय, बसलाय… नाही, बोलत नाही. उठत नाही. हे धरून बसलेत… नाही, त्याला फोन द्या म्हणू नकोस. तू जा. ऑटो कर, भाव करू नकोस… मला सगळं माहितेय, असं लगेच सांगायचं. हो, पहिल्यांदा तेच. काठावर बसलेल्या माणसापुढं न्यू जर्सीचं नाव काढू नकोस, आणि आज त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. दुपारी डॉक्टरकडे नेऊ, मी येते… चप्पल घातलीस?… काय?… पत्ते? आता कसले पत्ते?

अगं, एकही तलवार निघाली नाही. कप्सची दश्शी आणि सूर्य. तिसरा तर मी उलटलासुद्धा नाही, पडलाय तसाच, भेंडीच्या देठांत… तलवारी सगळ्या माझ्या पदरच्या… नाही, नाही बघत. तू आल्यावर बघू, नाहीतर राहू दे.

डबा घेतलास?… घे मग. गार तर गार… आणि ऐक, नंदिता… चमचे दोन घे.