सरांचा जबडा

पेणच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतले बॉक्सिंगचे रघुनाथ सर सुजलेला जबडा धरून बसले होते. शेजारी त्यांची जोहे गावची नवी शिष्या प्रणाली होती.

“सर, लय दुखतंय का?”

“दुखू दे गो. पण पंच मारताना तुझी टाच फिरली नाय. ताकद पायातून येते, दंडातून नाय.”

“व्हय सर.”

“आणि मारल्यावर हात लगेच हनुवटीशी परत आणायचा. रोज सांगतो ना?”

“सर, तुमचाच हात खाली होता.”

“मी समजावत होतो!”

“मग रविवारी रोह्याच्या स्पर्धेतून माझं नाव काढणार?”

“आत कोणी विचारलं तर मी जिन्यावरून पडलो म्हणून सांग. मग बघू.”

तेवढ्यात सरांना ओळखणाऱ्या नर्सबाई आल्या. “काका, कसं काय लागलं?”

“जिन्यावरून पडलो.”

“या वयात तोल जातोच. आता ते बॉक्सिंगचे क्लास सोडा, घरी आराम करा.”

सर ताडकन उठले. “तोल कसला जातोय माझा? हिने पंच मारलाय! आणि तो पंच हिला शिकवला कोणी? मी! रविवारी रोह्याला या बघायला!”