विसाव्याचा दगड

सरका जरा आत. शेकोटीला पाठ करून बसू नका, हिकडं तोंड करा. ए चष्मेवाल्या, ठेव तो मोबाईल खिशात. हितं रेंज न्हाई, आन् माझ्या गोष्टीला उजेड लागत न्हाई. उद्या घोणशीच्या वाटेनं वर जायचंय म्हणता? जा की. माझं काय जातंय! पर आधी ऐका, मग काय ते ठरवा.

तेजल नावाची पोर व्हती. मूळची जळगावकडची, नोकरीला पुण्यात. तुमच्यासारखीच हौशी. पाठीवर ही एवढी सॅक घ्यायची आन् एकटीच डोंगर पालथे घालायची. आई फोनवर काकुळतीला यायची, "तेजे, कुणाला तरी संगं घेत जा गं." ही म्हणायची, "आई, एकटीनंच मजा येते." बरं बाई, येत असंल! त्या दिवशी वरच्या वाडीत च्या प्याली आन् दिवस बुडता बुडता ह्याच घोणशीच्या वाटेनं उतराय लागली. वाडीतली म्हातारी म्हणाली, "आज ऱ्हा पोरी, सकाळी जा." ऐकतीय कशाला! "खाली गावात मुक्काम करते, बॅटरी आहे माझ्याकडे," म्हणाली आन् निघाली.

निम्म्या वाटंला जांभळाखाली एक सपाट दगड हाय. बसाय-टेकाय आयता. पोर दमलेली. सॅक उतरवली आन् ठेवली त्या दगडावर. झालं! आपल्या गावचं शेंबडं पोर सुदिक त्या दगडावर काय टेकवत न्हाई. आवं, तो विसावा हाय! वरच्या वाडीचं मयत खाली नदीला आणत्यात ना, तवा तिरडी तितं टेकवायची, खांदेकऱ्यांनी खांदा बदलायचा आन् मग म्होरं निघायचं. त्या दगडावर फकस्त मयत टेकतं. पर त्या पोरीला कोण सांगणार?

आन् तितंच वरच्या वाडीचा लुमाजी ऱ्हायला व्हता. त्येचं मयत खाली आणताना मडक्यातल्या विस्तवाचा धूर चढला आन् कड्याचं आग्यामोहोळ उठलं. माणसं जीव घेऊन पळाली. पळतील न्हाईतर काय करतील? सकाळी गेली तर तिरडी जाग्याला, लुमाजी न्हाई. वाघरानं नेला म्हणा, कायबी म्हणा. तवापासनं तो तितं बसलेला, कुणी तरी खांदा द्यावा म्हणून. मिळाला तर सुटंल. न्हाई मिळाला तर उजाडायच्या आत उचलणाऱ्यालाच संगं नेईल, असं जुनी माणसं सांगायची.

हां, तर पोर पाणी प्याली, उठली. सॅक उचलाय वाकली तर मागनं कुणीतरी हात लावला. सॅक अलगद पाठीवर चढली. "थँक्यू काका," म्हणाली. सवयच ती! वळून बघती तर कुणी न्हाई. जांभळाचं पानबी हलत न्हाई.

चालली. पायाखाली बॅटरी. थोडी चालली आन् सॅक जड लागाय लागली. मग आणखी जड. मग इतकी जड, की पट्टे खांद्यात रुतले, गुडघे वाकले. आन् कानामागं श्वास. गार! पोरीनं मान हलवली न्हाई. आन् अगदी कानाशी, हळू...

"बाय, खांदा बदल."

आयाया! पळत सुटली पोर. दगड बघंना, काटा बघंना. पळाली, पळाली, आन् थांबून बघती तर म्होरं तेच जांभूळ, तोच दगड! सॅक टाकाय गेली तर बक्कल उघडंना. दोन्ही हातांनी वढलं, नखं मोडली, बक्कल काय उघडंना. पट्टे आपले आवळतायत, आवळतायत.

तेवढ्यात खाली दिवे दिसले. चुलीचा धूर. बायांचं हसणं. कुणीतरी म्हणालं, "या की, जेवाय बसलोय." पोर रडत रडत तिकडं धावली. पाऊल टाकणार, तर पायाखालचा धोंडा निसटला. गेला. ऐकत ऱ्हायली, आवाजच येईना. मग लई खालनं कुटनं तरी, टप्प! कडा व्हता हो! दिवे गपकन विझले. आन् पाठीवरचं खदाखदा हसलं.

तितं दुसरी कुणी असती तर बसल्या जागी गेली असती. पर पोर धीराची. कान दिला तर ओढ्याचं पाणी वाजत व्हतं. म्हणाली, पाणी खालीच जाणार. बुडावर बसली आन् घसरत, खरचटत, त्या आवाजाच्या मागं मागं उतरली.

हिकडं कोंबड्या कोकलाय लागल्या म्हणून आमची भागूवहिनी भाईर आली. बॅटरी मारली. ओढ्यापल्याड पोर, कमरेत पार वाकलेली. मागं दरडीवर तिची सावली पडली, आन् तिच्या मानंवर बसलेल्याचीबी पडली!

"थांब! ओढा वलांडू नको!"

"मावशी, हे काढा हो पाठीवरचं! निघत नाहीये!"

"विसाव्यावर टेकवलंस व्हय?"

"दगडावर ठेवली होती फक्त..."

वहिनीनं कपाळावर हात मारला. आता चार खांदे आणायचे कुटनं? गडीमाणूस समदं वऱ्हाडाला गेल्यालं. घरात ती, तिची सून शेवंता, आन् मी पाय मुरगाळून पडल्याला. म्या म्हणालो, "वहिनी, बाया खांदा देत न्हाईत." कडाडली माझ्यावर, "मग तू एकटा लाग चारी कोपऱ्यांना! ऊठ!" उठलो मुकाट. तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप व्हती!

वहिनीनं हात जोडले. "लुमाजी भावजी, पोरीला सोडा. आमी खांदा देतो."

टक्! बक्कल उघडलं. सॅक धप्पदिशी खाली.

शिडीवर घातली आन् चौघांनी उचलली. चौथी ती पोरच, दुसरं कोण हाय? देवाशपथ सांगतो, सॅक न्हवती ती. पुरा वाढल्याला माणूस व्हता. शेवंता रडत व्हती, मी लंगडत व्हतो, वहिनी रामाचं नाव घेत व्हती. नदीला आणली, पाण्यात टेकवली. "चला. मागं कुणी बघायचं न्हाई," वहिनी म्हणाली.

चार पावलं न्हाई चाललो, तर मागनं आवाज. "तेजे... अगं, आईकडं बघ तरी."

पोर जाग्यावर थिजली. मान वळाय लागली. वळतीच म्हणा! वहिनीनं झडप घातली, पदर टाकला तिच्या डोईवर आन् तोंड छातीशी दाबून धरलं. "तुझी आई तुझ्या घरी हाय! ही न्हवं!" मागनं ते रडाय लागलं. हातापाया पडाय लागलं. मग शिव्या, आयाबहिणीवरनं! मग पाण्यात काय तरी सरकलं, आन् समदं गप झालं. पोर वहिनीला असली बिलगली व्हती, की घरात आल्यावरबी सोडवंना.

वाचली. थोडक्यात वाचली. म्हणून सांगतो, घोणशीची वाट सोडा. डांबरी रस्त्यानं जा. लांब पडंल, पडू दे. ए, हसतोस काय? लुमाजी सुटला, मग आता भ्या कशाचं, असंच ना? आरं, दगड तितंच हाय. त्याच्यावर मागनं किती टेकले, कोण म्होरं गेलं आन् कोण बसून ऱ्हायलं, मला काय ठावं! भागूवहिनी गेली. तिला न्यायला शेजारच्या गावची माणसं बोलवावी लागली. शेवंता पोरांकडं, पुण्याला. आता रातचा दिवा लागतो तो आख्ख्या गावात माझ्या एकट्याच्या घरात. तुमच्यातलं कुणी पाठीवर घेऊन आलं तर दार उघडीन मी, आईच्यान उघडीन. पर खांदा एकच मिळंल.