मंगलच्या मातीसाठी आणलेल्या फरश्या

सभेचे अध्यक्ष आदरणीय दादासो, विश्रामबागेहून आलेले पाहुणे पाळकसाहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले पाळक रेव्हरंड शमुवेल, पाळकीणबाई आणि कोरेगाव मंडळीतल्या बंधुभगिनींनो, सर्वांना सलाम.

मी जयराज. उपासनेला शेवटच्या बाकावर बसतो, त्यामुळे इथून तुमचे चेहरे मला नवे वाटताहेत. बोलायची सवय नाही. आमच्या घरी ते काम मंगलकडे होतं. माझी पत्नी जाऊन दोन वर्षं झाली.

आपले पाळकसाहेब इथं नवीन आले तेव्हा उपदेशात सांगायचे, ऊन वाढतंय, पाऊस एका दिवसात कोसळतो आणि महिनाभर दिसत नाही, देवानं ही भूमी आपल्याला राखायला दिली आहे. आपण आमेन म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो. खरं की नाही?

मंगल गेली तेव्हा मी तिच्या कबरीसाठी कडाप्प्याच्या फरश्या आणल्या. कबर पक्की केली नाही तर लोक म्हणतात, विसरला. अशा एकेक पक्क्या करत आपण ते सगळं उताराचं कबरस्तान सिमेंटचं करून टाकलं. पावसाचं पाणी थेट ओढ्यात जायचं. खालच्या वस्तीची विहीर होळीआधीच आटायची. खड्डे खणणारा आपला गुंडा मला म्हणाला होता, "जयराजदादा, माती ऱ्हायली न्हाई हितं. पाणी मुरायचं कुठनं?"

पाळकसाहेब घरी आले. वाटलं, फरश्या बसवू नका म्हणतील. त्यांनी ओसरीतल्या फरश्यांकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आपण कबरींना चुना लावतो. त्या वर्षी पाळकसाहेब चुन्याऐवजी पहार घेऊन आले आणि इथंच वारलेल्या स्वतःच्या आईच्या कबरीवरचं सिमेंट फोडू लागले. अध्यक्षमहाराज, तुम्हीच म्हणालात, "आवं पाळकसाहेब, आईच्या कबरीवर पहार?"

"ओझं उतरवतोय तिचं. धरा ती बाजू, दादासो."

आणि तुम्ही धरलीत. अध्यक्षांना मध्ये ओढलं, माफी असावी. त्यानंतर वर्षभरात अकरा घरांनी आपापलं सिमेंट काढलं.

या ईस्टरला पहाटे आपण तिथं गीत गात उभे होतो. नीट उजाडलं नव्हतं. भिंतीजवळच्या जुन्या कडुनिंबाला मोहोर होता आणि बारीक फुलं सगळ्या कबरींवर पडत होती. सिमेंटवरची वाऱ्यानं सरकत निघून जायची. मातीवरची थांबली होती. पाळकसाहेबांच्या आईवर थांबली होती, मंगलवरही. गीत कधी संपलं, मला कळलं नाही. वाटलं, मंगल नेहमीसारखी भरभर बोलते आहे, फक्त फार लांबून.

विहिरीला यंदा अजून पाणी आहे. पाऊसही बरा झाला, सगळं श्रेय आपण घेऊ नये, हे पाळकसाहेबच सांगतात.

फरश्या मात्र माझ्या ओसरीतच होत्या. पाळकसाहेबांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज ते बदलीवर निघालेत म्हणून सांगतो. उद्या गुंडा त्या फरश्या विहिरीपाशी नेणार आहे, बायकांच्या धुण्यासाठी तिथं बसवू. मंगलवर मातीच राहील. आणि पाळकसाहेब, तुमच्या आई इथंच राहताहेत. त्यांच्या मातीकडे मी बघेन.

इतका वेळ ऐकलंत, उपकार आहेत. कुणाचं नाव राहिलं, काही वेडंवाकडं बोललो, तर पदरात घ्या. मंगल असती तर तिनं हे नीट सांगितलं असतं.