दोन कप पाणी

भाऊ : ताई, किटली खाली ठेव. चहा मी करतो.

ताई : तू बस. मला तुझ्या घरी परत न्यायचं ठरवूनच आलायस ना? मग आधी बघ तरी.

भाऊ : डोळे जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. त्यात एकटी राहतेस. मनगट भाजल्याचं तर मला शेजारणीकडून कळलं!

ताई : भाजलं, कारण किटली काठोकाठ भरली होती. उकळी आली आणि पाणी तोटीतून बाहेर उडालं. आता कपाने मोजून घालते. दोनपेक्षा कमी नाही, पाचपेक्षा जास्त नाही.

भाऊ : आणि बटण दाबायला विसरलीस तर?

ताई : तर चहा मिळणार नाही. घर जळणार नाही.

भाऊ : हसू नकोस गं.

ताई : बरं, बघ. किटली खालच्या विजेच्या बैठकीवरून उचलून मगच पाणी भरायचं. हा एक, हा दोन. झाकण टक् वाजलं पाहिजे, नाहीतर पाणी उकळतच राहतं, किटली आपोआप बंद होत नाही. आता बूड पुसायचं, बैठकही पुसायची. झालं. दाबलं बटण.

भाऊ : वायर ओट्यावरून लोंबत नाहीये. हे कोणी केलं?

ताई : मीच. गुंडाळून मागे सारली. परवा प्लग हाताला गरम लागला, तेव्हा लगेच वायरमनला बोलावलं. सॉकेट सैल झालं होतं, त्याने बदलून दिलं.

भाऊ : मला का नाही सांगितलंस?

ताई : तू माझी बॅग भरायला आला असतास.

भाऊ : किटलीचा आवाज घुमायला लागला.

ताई : पूर्वी आतून खरखर यायची. तळाशी क्षार धरले होते. लिंबू पिळून पाणी उकळलं, गार होऊ दिलं, दोनदा विसळलं. आता ऐक, कसा स्वच्छ आवाज आहे! बंद झाली. सरक जरा. कपात चहाची पुडी टाकून कप ताटात ठेवायचा, तोटी काठाला टेकवायची, हळूहळू ओतायचं. कप भरत येऊन सूर चढला की थांबायचं.

भाऊ : एक थेंब सांडला नाही!

ताई : सांडला तरी ताटात सांडेल. घे.

भाऊ : थांब, किटली विसळून ठेवतो.

ताई : नळाखाली धरू नकोस! बूड भिजेल. आणि गरम आहे अजून. डोळस माणसा, ठेव ती खाली.

भाऊ : ठेवली, ठेवली.

ताई : तुझ्याकडे होते तेव्हा तुम्ही नवरा-बायकोनं मला फुलासारखं जपलंत. पाण्याचा पेलासुद्धा हातात यायचा. पण त्या चार महिन्यांत मी कुणाला काही करून दिलं नाही रे. आज पहिल्यांदा तुला चहा दिला.

(भाऊ चहा संपवून कप ताटात ठेवतो.)

भाऊ : रविवारी आम्ही दोघं येतो.

ताई : न्यायला?

भाऊ : नाही गं. चहाला.