अडतीस

लेक : रुग्णवाहिकेच्या कागदावर बाबांची साखर अडतीस लिहिली आहे. त्यांच्या वहीत वर्षभरात नव्वदच्या खाली एकही आकडा नाही. साखरेची गोळी तीच, मात्राही तीच.

आई : आठवडा झाला त्यांना जाऊन. रक्त तपासायची ती तुझी प्रयोगशाळा आता घरी नको आणूस, बाई.

लेक : मला कारण हवं आहे. तापात ते जेवत होते?

आई : कुठलं! लघवीला जळजळ, अंगात फणफण. दोन घास गिळायचे नि ताट सारायचे. पण साखरेची गोळी नाही हो चुकवली. घड्याळ चुकेल, हे चुकायचे नाहीत.

लेक : जेवण अर्धं, गोळी पूर्ण. हे एक झालं. तेवढ्यानं भागत नाही.

आई : खरं सांग, माझ्या हातून गेले का?

लेक : असं का म्हणतेस?

आई : सकाळी घाम फुटला त्यांना, उशी भिजली. म्हटलं, ताप उतरला, सुटलो एकदाचे. पांघरूण नीट केलं. मग डोळे उघडून म्हणाले, "कोण आपण?"

लेक : रोजच्यासारखं.

आई : लग्नापासून तोच पाचकळपणा. "कोण आपण?" नि मी म्हणायचं, "भाडेकरू. घर काही सोडत नाही." त्या दिवशीही म्हटलं. हसले मी. ते हसले नाहीत.

लेक : आई, साखर फार उतरली की घाम फुटतो, माणूस ओळखेनासा होतो. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आई : तुला माहीत होतं.

लेक : हो.

(वहीचं पान उलटतं.)

लेक : जळजळीवर औषध कुणी दिलं?

आई : आपले डॉक्टर परगावी होते. यांच्या बाइंडिंगच्या दुकानासमोर नवा दवाखाना आहे ना, तिथं गेलो. हे बघ पाकीट.

लेक : ही अँटिबायोटिक बाबांच्या गोळीसोबत घेतली, तर साखर एकदम खाली ओढू शकते. मधुमेह आहे हे कळलं असतं, तर डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं असतं. निदान साखर पुन्हा पुन्हा तपासायला सांगितलं असतं. तुम्ही त्यांना सांगितलं कसं नाही?

आई : अर्ज होता. 'इतर आजार'च्या पुढे यांनी 'नाही' लिहिलं. मी कोपरानं ढोसलं. तर म्हणे, "लेकीचा निकाल आहे, तुझं काय घेऊन बसलीस!"

लेक : माझा निकाल?

आई : मागचा रिपोर्ट आला तेव्हा फोनवर म्हणाली होतीस ना. दुकानात येईल त्याला ऐकवायचे.

लेक : "बाबा, हे आकडे बघून तुम्हाला मधुमेह आहे असं कुणी म्हणणार नाही."

आई : हेच. किती खूश होते.

लेक : लिहून ठेवते. जेवण अर्धं. साखरेची गोळी पूर्ण. सोबत ही अँटिबायोटिक. अर्जावर 'नाही'.

आई : आणि मी?

लेक : तू यात नाहीस, आई. ते 'नाही' माझं आहे.